गुरुवार दुपार ते शुक्रवार सकाळ

लाल रंगासाठी

पाणी उकळायला ठेवा. रंगाची पूड त्यात सोडा, वर थोडं व्हिनेगर. अंडी आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवलेली असावीत. गार अंडं गरम पाण्यात गेलं की तडकतं, आणि तडकलेलं अंडं चर्चमध्ये वाटता येत नाही. पहिलं अंडं लालच काढायचं. ते गरम असतानाच घरातल्या पोरांच्या गालांवरून फिरवायचं आणि म्हणायचं, असाच लाल राहा. मग ते देवाच्या तसबिरीजवळ ठेवायचं, पुढच्या ईस्टरपर्यंत.

घरात पोर नसेल तर ते कोणाच्या गालावरून फिरवायचं, हे आमच्या आयांनी सांगून ठेवलेलं नाही.

आम्ही

आम्ही चर्चच्या बायका. झाडतो, सांडलेलं मेण खरवडतो, रविवारी गातो. पूर्वी खूप होतो, आता हाताच्या बोटांवर. डॅन्यूब नदीच्या पलीकडे रोमानियाचे दिवे दिसतात. अलीकडे आमचे कोणाला दिसत असतील असं वाटत नाही. शाळा बंद झाली, दवाखाना बंद झाला, टपाल आलं तर आलं. उरला पाद्री. तो गेला असता तर चर्चला कुलूप लागलं असतं आणि आम्हाला पुरायलासुद्धा शेजारच्या गावातून माणूस बोलवावा लागला असता. त्यासाठी सोतिर आम्हाला पाद्री म्हणून हवा होता. आमच्याच गावचा, स्तामेनाचा एकुलता एक. नाकात गातो, पण गातो.

आमच्या पंथात पाद्रीला लग्न करता येतं, पण दीक्षा घ्यायच्या आधी. नंतर नाही. आणि बायको मेली किंवा सोडून गेली तर दुसरी करता येत नाही. तेव्हा स्तामेनानं घाईनं मुलगी शोधली आणि लांबून शोधली, पार दक्षिणेच्या डोंगरातून, जिथं आमच्या गावाचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. इतक्या लांब कशाला गेलीस, असं तिला आम्ही विचारलं नाही. कारण आम्हाला माहीत होतं.

पाद्रीणबाई

नाव नेव्याना. रुंद खांद्यांची, मोठ्या हातांची. आली त्या वर्षी चर्चच्या मागची सगळी बाग तिनं एकटीनं खणली. आम्ही तिला तोंडावर पाद्रीणबाई म्हणायचो आणि तिच्या पोटाकडे बघायचो. पुढं पुढं ती आमच्यासमोर यायची तेव्हा हातात काहीतरी धरूनच यायची, टोपली, सूप, पाव, म्हणजे पोट झाकलं जाईल.

"पाद्रीणबाई, माझ्या शेळीला तीन झाली," दोना म्हणायची. "एक तुमच्याकडं पाठवू?"

दोना आमच्यातली सगळ्यात तिखट. तिची भाची तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात असते. म्हणून गोळ्यांचं आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नेव्याना दुकानातून निघून बसमध्ये बसायच्या आत दोनाचा फोन वाजलेला असायचा.

"घेतल्या," दोना सांगायची. "पाळी आली म्हणजे परत."

मग कोणीतरी उसासा टाकायचं. कोणीतरी हसायचं. बहुतेक वेळा दोन्ही.

गोळ्या

छोट्या, पांढऱ्या. पाळी सुरू झाली की घ्यायच्या, सलग पाच दिवस, मग थांबायचं. त्यानं म्हणे बाईच्या आत जे आपण होऊन पिकत नाही ते पिकतं. डॉक्टरीणबाईंनी नेव्यानाला सांगितलं होतं, तुमच्यात खरं तर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही, पण आधी नवऱ्याची तपासणी करून आणा. तपासणीसाठी जे करावं लागतं ते पाप आहे, असं सोतिर म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले आणि गोळ्या लिहून दिल्या. हे आम्हाला स्तामेनानं सांगितलं. स्तामेना सुनेचं सगळं सांगते. मुलाचं काहीच सांगत नाही.

गोळ्या घेतल्या की नेव्यानाला आतून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. ऐन फेब्रुवारीत, नदीवरून वारा येत असताना, ती चर्चची खिडकी उघडायची आणि गळ्यावरचा घाम पुसायची.

"बरं आहे की," दोना कुजबुजायची. "पाद्रीबाबांचं जळण वाचलं."

डोळ्यांसमोर ठिपके यायचे. गाताना ओळ चुकायची. एकदा ती मेणबत्त्या लावता लावता रडायला लागली आणि थांबेचना. रुसानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रुसा आमच्यात सगळ्यात म्हातारी, गावातल्या दवाखान्यात नर्स होती, दवाखाना होता तोवर.

"रड," रुसा म्हणाली. "गोळ्यांनी होतं असं. देव बघतोय."

रुसालासुद्धा माहीत होतं. रुसाला तर सगळ्यांच्या आधी.

भिंतीपलीकडचं

पाद्रीचं घर दोन खोल्यांचं. स्तामेना स्वयंपाकघरात झोपते. भिंत पातळ आहे. पुढचं तिच्याकडून, वेगवेगळ्या रात्रींचं.

अहो, आज.
आज बुधवार, उपास आहे.
अहो, आज.
उद्या रविवार आहे, मला वेदीवर उभं राहायचंय.
अहो, डॉक्टर म्हणाल्या, आज आणि उद्या.
नाताळचा उपास चालू आहे, नेव्याना.
मागच्या महिन्यात तुम्ही मठात गेला होतात.
मठात जावंच लागतं.
त्याच्या मागच्या महिन्यात तुमची कंबर धरली होती.
धरली होती ना.
अहो.
झोप आता.

दोन-तीनदा झालंही म्हणे. स्तामेना तेव्हा उठून अंगणात जाऊन बसली होती. "आई आहे मी," ती म्हणाली, "मला काय ऐकायचंय."

बुधवार, ईस्टरच्या आधीचा

एका बाईला या गोळ्यांच्या सहाच फेऱ्या देतात. पुढं चालू ठेवल्या तर बाईलाच धोका. ही नेव्यानाची सहावी. यापुढं काचेच्या नळीतलं मूल, आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही, असं सोतिरनं बजावलं होतं.

सहावी फेरी सुरू झाली तेव्हा तिनं दिवस मोजले, पण ईस्टर मोजला नाही. डोंगरातल्या कोणा मेंढपाळाची बायको असती तर चाललं असतं. पाद्रीच्या बायकोनं आधी चर्चची दिनदर्शिका बघावी, मग आपली. ती विसरली, आणि पोटातलं पिकलं ते नेमकं ईस्टरच्या आधीच्या मोठ्या आठवड्यात.

दोना त्या बुधवारी नेव्यानाच्याच बसनं तालुक्याला गेली होती. येताना नेव्याना पुढच्या सीटवर होती. "दोन बीजं आहेत," तिनं फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं, हळू, पण बसमध्ये हळू असं काही नसतं. "मशीनवर दाखवली त्यांनी मला. दोन. मोठी झालीयेत. म्हणाल्या, उद्या किंवा परवा सकाळपर्यंतच वेळ आहे." मग ती घरापर्यंत पोटावर हात ठेवून बसली. खड्डा आला की दुसऱ्या हातानं सीट घट्ट धरायची.

"काठोकाठ भरलेलं दूध घेऊन चालल्यासारखी," दोना म्हणाली. हे सांगताना ती हसली नाही. म्हणून आम्हाला ते लक्षात राहिलं.

रिकामी जागा

ज्या सकाळी वेदीवर भाकर आणि द्राक्षरस ठेवायचा, त्याच्या आदल्या रात्री पाद्रीनं बायकोजवळ जायचं नाही. मोठ्या आठवड्यात वेदी रोज चालू असते. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी. शनिवारी परत.

शुक्रवारी नसते.

शुक्रवारी येशू मेलेला असतो. त्या दिवशी भाकर नाही, द्राक्षरस नाही, काही नाही. म्हणजे गुरुवारी सकाळची उपासना आटोपली की शुक्रवारची सकाळ उजाडेपर्यंत पाद्री मोकळा. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासातही बायकोजवळ जायचं नसतं, ते वेगळं. पण ते साध्या माणसाचंही पाप, त्याला क्षमा आहे. हे नेव्यानानं नवऱ्याच्याच पुस्तकांतून शोधून काढलं होतं, आणि बुधवारी रात्री त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, बघू.

स्तामेनानं भिंतीपलीकडून ऐकलं. सकाळी ती आम्हा प्रत्येकीच्या दारात आली.

"यंदा चर्चची अंडी आमच्याकडं रंगवू," ती म्हणाली. "माझी चूल मोठी आहे."

तिची चूल मोठी नाही.

गुरुवार

आम्ही आमची पातेली घेऊन गेलो. दोनशेवर अंडी. स्वयंपाकघरात वाफ, व्हिनेगरचा वास, आणि त्या वाफेत नेव्याना, घामानं निथळत, बाही कोपरापर्यंत वर करून. ती भराभर काम करत होती. तिचं तिला वाटत होतं, काम उरकलं की आम्ही जाऊ. स्तामेना मात्र प्रत्येक अंडं दोनदा पुसत होती.

"सावकाश गं," ती आम्हाला म्हणाली. "देवाचं काम आहे."

दुपारी सोतिर चर्चमधून आला. आम्ही सगळ्या उठलो. स्तामेनानं पहिलं लाल अंडं बाजूला ठेवलं होतं. ते तिनं परत गरम पाण्यात बुडवलं आणि हातात घेतलं.

"वाक, बाळा."

छत्तीस वर्षांचा, दाढीवाला, काळ्या झग्यातला माणूस वाकला. तिनं त्याच्या एका गालावरून अंडं फिरवलं, मग दुसऱ्या. "असाच लाल राहा. असाच निरोगी राहा." रंग ओला होता. त्याच्या दोन्ही गालांवर लाल फराटे उठले.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्या गालांकडे बघितलं की आम्ही दरवेळी असं बघतो.

नेव्यानानं झारा खाली ठेवला, हात पुसले आणि आम्हा सगळ्यांना एकदम म्हणाली, "तुम्ही घरी जा."

"जाऊ की," दोना म्हणाली. "रंग निवू दे."

"आत्ता जा. माझ्याकडं आजचाच दिवस आहे. या शेवटच्या गोळ्या होत्या." तिचा आवाज सपाट होता. "तुम्हाला सगळं माहीत असतं. मग हेही माहीत असेल."

आम्ही डोक्यावरचे रुमाल सारखे केले. खरं सांगायचं तर आम्ही निघालोच होतो. दोनानं पातेलं उचललंसुद्धा होतं. गेलो असतो आणि कुंपणापाशी उभ्या राहिलो असतो.

"चला," नेव्याना नवऱ्याला म्हणाली. तिनं त्याची बाही धरली.

"आज?" सोतिर म्हणाला. "आज येशूला धरून नेलं, नेव्याना. आज रात्री मला त्याचे बारा उतारे वाचायचेत."

"उद्या वेदी नाही. मी बघितलंय. तुम्हीही बघा."

त्यानं बघितलं. आईकडे.

आता आम्हाला वाटलं होतं स्तामेना रडेल, किंवा चक्कर आल्यासारखं करेल. ती ते चांगलं करते. पण तिनं हातातलं अंडं टोपलीत ठेवलं आणि वरच्या तसबिरीकडे बघत, जणू तिलाच सांगते आहे अशी, म्हणाली, "जाऊ नको आत. उपयोग असता तर मी तोंड मिटून बसले असते. उपयोग नाहीच, तर फुकटचं पाप कशाला?"

"कशाचा उपयोग नाही?" नेव्यानानं विचारलं.

"आई," सोतिर म्हणाला.

"सतरा वर्षांचा होता. गालगुंड झालं. असे सुजले होते गाल. मग ती सूज खाली उतरली. पंधरा दिवस पाय फाकून झोपला होता. तेव्हाच सांगितलं होतं डॉक्टरनं, याला पोर होणार नाही."

परत तेच, कारण इथं प्रत्येकीला वेगळं आठवतं

दोना म्हणते, नेव्याना हसली. एकदाच, नाकातून.

स्तामेना म्हणते, सून किंचाळली. कोणी किंचाळलं नाही.

रुसा म्हणते, नेव्यानानं आधी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" आणि तो म्हणाला, "देवाच्या मनात असतं तर." आणि ती म्हणाली, "गोळ्या देवानं खाल्ल्या का?"

बाकीच्या म्हणतात, तिनं नवऱ्याला काही विचारलंच नाही. तिनं त्याची बाही सोडली, आमच्याकडे वळली आणि विचारलं, "आणखी कोणाला माहीत होतं?"

इथून पुढचं सगळ्यांना सारखंच आठवतं. पाणी उकळत होतं. रुसा फडक्यावर तेल घेऊन अंड्यांना चकाकी आणत होती, ती आणत राहिली. नेव्यानानं एकेकीकडे बघितलं. दोनाकडे सगळ्यात जास्त वेळ, कारण दोना एरवी बोलते. दोनानं पातेल्यात बघितलं.

आणि रुसा, कोणी विचारलेलं नसताना, मान वर न करता म्हणाली, "शेक मीच दिला होता त्याला. गरम कोंड्याचा."

नेव्याना चुलीपाशी गेली. झारा उचलला. उरलेली अंडी पाण्यात होती, ती तिनं एकेक करून काढली, सुकायला ठेवली, मोजून टोपल्यांत भरली. मोठे हात, एकही तडकलं नाही. आम्ही थांबलो. आता आम्हाला जा म्हणणारं कोणी नव्हतं.

सोतिर गालांवर ते फराटे घेऊन दारात उभा होता. त्यानं ते पुसले पाहिजेत, असंही त्याला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी त्याच गालांनी त्यानं येशूच्या अटकेची कथा वाचली, बाराही उतारे, नाकात.

शुक्रवार

शुक्रवारी चर्चच्या मधोमध उंच टेबल मांडतात. त्यावर येशूचा देह काढलेलं कापड पसरतात, वर फुलं. गाव रांगेनं त्या टेबलाखालून जातं, गुडघ्यांवर, तीनदा. आजारी बरा होतो. जिला मूल नाही तिला होतं. एकदा खाली शिरलं की मागं फिरायचं नाही, पलीकडूनच निघायचं. पाद्री टेबलाच्या एका अंगाला उभा राहतो, पाद्रीणबाई दुसऱ्या, आणि बाहेर येणाऱ्याच्या हातात ती वासाच्या जिरेनियमची डहाळी देते.

त्या दिवशी चर्च भरतं. स्पेनमध्ये म्हातारे सांभाळणाऱ्या येतात, जर्मनीत विटा रचणारे येतात, पोरांना घेऊन. पोरं खिदळत खालून जातात आणि परत रांगेत उभी राहतात.

नेव्याना येणार नाही, असं दोना म्हणाली होती. ती आमच्याआधी आलेली होती. काळा रुमाल, हातात डहाळ्यांची टोपली. लग्न झाल्यापासून दरवर्षी गाव सुरू व्हायच्या आधी ती स्वतः तीनदा टेबलाखालून गेलेली, आणि आम्ही बाजूला उभ्या राहून तिच्या बुटांचे तळवे बघितलेले.

यंदा ती गेली नाही. सगळे वाट बघत होते. स्तामेनानं खाकरून खूण केली.

"अहो," नेव्याना टेबलापलीकडून नवऱ्याला म्हणाली. मोठ्यानं नाही. चर्च मात्र असं बांधलंय की तिथं हळू असं काही नसतं. "यंदा तुम्ही जा."

"मी?"

"आजारी माणूस खालून जातो. बरा होतो. तुम्हीच सांगता."

बाहेरगावाहून आलेल्यांना काही कळलं नव्हतं, ते नुसते बघत होते. आम्ही जमिनीकडे बघत होतो. सोतिरच्या दाढीच्या कडेला लाल रंग अजून थोडा होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. पण काय म्हणून नाही म्हणणार, मी आजारी नाही म्हणून?

तो गुडघ्यांवर बसला. अंगावर चांदीच्या जरीचं भारी वस्त्र, त्याच्या आजोबांच्या वयाचं. पहिल्यांदा गेला आणि बाहेर आला. नेव्यानानं त्याला डहाळी दिली नाही. वळून परत खाली शिरला. मधोमध गेला आणि थांबला.

आधी आम्हाला वाटलं, प्रार्थना करतोय. मग वस्त्र ताणलेलं दिसलं. टेबलाच्या खालच्या फळीला एक खिळा आहे, वर्षानुवर्षं आहे. आम्ही सगळ्या तिथं पाठ खाली घालतो. त्याला कोणी कधी सांगितलेलं नव्हतं, कारण तो कधी खालून गेलेलाच नव्हता. पुढं सरकला तर जरीचं वस्त्र फाटणार होतं. मागं फिरायचं नसतं. तो हातापायांवर तसाच उभा राहिला, गुरासारखा, आणि कोणीतरी सोडवायची वाट बघू लागला. कापडाच्या झालरीखालून त्याचा एक हात दिसत होता. बोटं फरशी चाचपत होती.

स्तामेना पुढं धावली.

"आई," नेव्याना म्हणाली. "रांगेतून या."

स्तामेना थांबली. आम्ही कोणी हललो नाही. दोनाला हसू येत होतं, तिनं रुमाल तोंडावर धरला. रुसाला खिळा कुठं आहे ते नेमकं माहीत होतं, ती नुसती उभी राहिली. खालून आवाज आला, "नेव्याना." मग परत, लहान आवाजात, "नेव्याना, अगं."

तिनं टोपलीतून एक डहाळी उचलली, तिची वाळकी पानं खुडली आणि रांगेकडे मान वळवली.

"पुढचे," ती म्हणाली.